निसर्गसारख्या चक्रीवादळात खाडीचे पाणी किती चढेल? फुगवट्याचे गणित आणि ते कुठे चुकते

प्रश्न असा आहे: रेवदंडा ते मुरुड या पट्ट्यात पुढच्या चक्रीवादळात समुद्राचे पाणी किती चढेल आणि खारबांधाच्या, म्हणजे खाडीचे खारे पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाच्या, आत किती शिरेल, हे हवामान खात्याच्या बुलेटिनवरून स्वतःच्या संगणकावर काढता येईल का? आणि मोफत मिळणारे मॉडेल चालवून पाहिले तर आकडा प्रत्यक्षाशी का जुळत नाही?

काढता येते. त्यासाठी लागणारी प्रणाली मिळते: डेल्फ्ट-थ्रीडी आणि शिझम मुक्तस्रोत आहेत, आणि भारतीय किनाऱ्यासाठी हैदराबादची इन्कॉइस ही संस्था ज्या अ‍ॅडसर्कवर फुगवट्याची पूर्वसूचना काढते तेही अभ्यासासाठी मिळू शकते. पण या तिघांपैकी कोणते निवडले यावर उत्तर फारसे ठरत नाही. आकडा बिघडतो तो तीन ठिकाणी: उंची कुठल्या शून्यापासून मोजली, वारा कसा भरला, आणि भरतीची वेळ धरली का. कोकणात यातली तिसरी गोष्ट इतर दोघींपेक्षा भारी पडते.

आधी फुगवटा म्हणजे काय ते स्पष्ट करू. नेहमीच्या भरती-ओहोटीने पाणी जिथे असायला हवे होते त्यापेक्षा वादळामुळे ते जितके वर चढते, तो फुगवटा. बुलेटिनमध्ये ‘भरतीच्या पातळीपेक्षा १ ते २ मीटर उंच’ असे लिहिलेले असते ते हेच. म्हणजे तो आकडा जमिनीपासून नसतो, समुद्रसपाटीपासूनही नसतो. भरतीची त्या क्षणाची पातळी त्यात मिळवल्याशिवाय बांधावरून पाणी येणार की नाही हे कळत नाही.

फुगवट्यातला लहान वाटा हवेच्या दाबाचा. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर वर येते. केंद्रातला दाब भोवतालपेक्षा २० हेक्टोपास्कलने कमी असेल तर २० सेंटिमीटर, बस. उरलेले काम वाऱ्याचे. वारा पाण्याला किनाऱ्याकडे ढकलतो आणि पृष्ठभागाला चढ येतो. हा चढ म्हणजे वाऱ्याचा ताण भागिले पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण आणि खोली यांचा गुणाकार. हिशेब करून पाहा. वारा सेकंदाला ३० मीटर (ताशी १०८ किमी), हवेची घनता १.१५, घर्षणगुणांक ०.००२७ धरला तर ताण चौरस मीटरला सुमारे २.८ न्यूटन येतो. पाण्याची खोली ५० मीटर असेल तर ५० किलोमीटरच्या पट्ट्यात पाणी २८ सेंटिमीटर चढते. खोली २० मीटर असेल तर ७० सेंटिमीटर, आणि १० मीटर असेल तर १ मीटर ४० सेंटिमीटर. वारा तेवढाच, फक्त तळ वर आला. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात ५ ते ६ मीटरचा फुगवटा आला आणि गंगेच्या मुखाजवळ तो इतका घातक ठरतो, त्यामागे वाऱ्याच्या जोडीला हे उथळ पाणीही आहे. (वरचा हिशेब वारा तासन्‌तास एकाच दिशेने वाहिला असे धरतो. प्रत्यक्षात वादळ पुढे सरकते, म्हणून आकडा कमी येतो. पण अंदाज पडताळायला हा हिशेब कागदावर करावाच. मॉडेल त्याच्या तिप्पट काही सांगू लागले तर मॉडेलमध्ये चूक आहे.)

आपल्या किनाऱ्यावर भूखंडमंच, म्हणजे समुद्रातला उथळ पट्टा, मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेकडे अरुंद होत जातो. तेच वादळ गोव्याला धडकले आणि डहाणूला धडकले तर फुगवटा सारखा येणार नाही.

आता वेळ. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या थोडे दक्षिणेला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान जमिनीवर आले. वटपौर्णिमा होती ५ तारखेला, म्हणजे उधाण जवळ आलेले. कोळीवाड्यातला जुना ठोकताळा लावा: तिथीला ३ ने गुणून ४ ने भागले की भरतीचा तास मिळतो. द्वादशी-त्रयोदशीला भरती सकाळी नऊ-पावणेदहाच्या सुमारास आणि पुन्हा रात्री. म्हणजे वादळ आले तेव्हा सकाळची भरती होऊन पाणी उतरत होते. मुंबईकडे उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक साडेतीन मीटरच्या आसपास असतो. रायगडमध्ये दक्षिणेकडे जाताना तो कमी होतो. हेच वादळ सात-आठ तास उशिरा आले असते तर तोच फुगवटा भरतीच्या माथ्यावर बसला असता. वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटरने वाढवून जेवढे पाणी चढले असते त्याहून अधिक फरक नुसत्या वेळेने पडला असता. चेन्नईकडे भरती-ओहोटीतला फरक मीटरभराचा, तिथे हा प्रश्न एवढा तीव्र नाही. भावनगरकडे तो दहा मीटरच्या घरात जातो, तिथे वेळ हेच सर्वस्व.

म्हणून निसर्गच्या वेळी ‘पाणी फार आले नाही’ हा अनुभव पुढच्या वादळाला लावू नये.

मॉडेल उभारायला लागताना पहिले दोन-तीन दिवस फक्त शून्याचा घोळ मिटवण्यात घालवा. नौकानयनाच्या नकाशातल्या खोल्या नकाशाच्या शून्यापासून असतात, म्हणजे जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीपासून. मुंबईत हा शून्य सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. जमिनीवरच्या उंच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरून, म्हणजे मोजलेल्या उंचीच्या पक्क्या खुणांवरून, येतात, त्यांचा शून्य वेगळा. उपग्रहावरून मिळालेल्या उंच्या भूगोलाकाराच्या गणिती पृष्ठभागापासून मोजलेल्या, त्यांचा शून्य आणखी वेगळा. नकाशातली खोली जशीच्या तशी भरली तर सगळी खाडी अडीच मीटर उथळ होते, भरती आत शिरत नाही, आणि मग माणूस तळाचे घर्षण कमी-जास्त करून ती चूक झाकत बसतो. सगळे आकडे आधी सरासरी समुद्रपातळीवर आणा, आणि प्रत्येक फाइलच्या नावातच शून्य कोणता ते लिहा.

जमिनीच्या उंचीसाठी फुकट मिळणारा उपग्रही नकाशा एकटा वापरू नये. रडारला कांदळवनातल्या तिवरांचे शेंडे आणि घरांची छपरे दिसतात, चिखल दिसत नाही. त्यामुळे खाजणाची, म्हणजे खाडीकाठची दलदलीची, जमीन काही मीटर उंच निघते आणि मॉडेलमध्ये ती कोरडी राहते. ज्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या मीटरने बदलते, त्याला एवढी चूक परवडत नाही. खारबांधाचे आणखी अवघड आहे. बांधाचा माथा दोन-तीन मीटर रुंद, आणि मॉडेल समुद्र व जमीन ज्या जाळीत विभागते तिचे एक घर ५० मीटरचे. सरासरीत बांध नाहीसा होतो. तो जाळीच्या बाजूवर रेषा म्हणून, ठरावीक उंचीच्या सांडव्यासारखा टाकावा लागतो. उंची डीजीपीएसने (उपग्रहांवरून नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्राने) दर २०-२५ मीटरला मोजा, आणि खचलेल्या जागा व उघाड्या (बांधातली पाणी सोडायची झडपेची दारे) हमखास मोजा. पाणी सरासरी उंचीवरून आत येत नाही, सर्वांत खालच्या जागेवरून येते. उघाडीची झडप गंजून उघडीच राहिली असेल तर बांध कितीही उंच असला तरी उपयोग नाही, आणि हे फक्त तिथे जाऊन कळते.

जाळी त्रिकोणांची घ्यावी, खोल समुद्रात मोठी आणि किनाऱ्याला बारीक. कारण असे: गणनेच्या एका कालपावलात लाट एका त्रिकोणापेक्षा पुढे जाऊ नये, असे बहुतेक मॉडेलांत बंधन असते. ३००० मीटर खोलीत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर असतो. तिथेही ५० मीटरची जाळी ठेवली तर कालपाऊल ०.३ सेकंदावर येते आणि गणना संपत नाही. खोल समुद्रात २० किलोमीटर, भूखंडमंचावर १ ते २ किलोमीटर, किनाऱ्याला आणि खाडीत ५० ते १०० मीटर, अशी उतरती ठेवा. कुंडलिकेच्या किंवा राजापुरी खाडीच्या रुंदीत निदान चार-पाच त्रिकोण बसले पाहिजेत. एकच बसला तर खाडी नळीसारखी वागते.

मॉडेलची बाहेरची सीमा किनाऱ्याजवळ आणण्याचा मोह होतो, कारण गणना हलकी होते. ते करू नका. दक्षिणेला तयार झालेला फुगवटा किनारा उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे सरकतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ दीवजवळ जमिनीवर जाईपर्यंत आपल्या किनाऱ्याला समांतर वर गेले. अशा वादळात दक्षिणेकडून वाहणारा वारा किनाऱ्याला समांतर असूनही पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्याकडे, लोटले जाते. सीमा अलिबागसमोर १०० किलोमीटरवर ठेवली तर हा सगळा भाग मॉडेलच्या बाहेर घडतो आणि आत येतच नाही. केरळपासून कच्छपर्यंतचा किनारा आणि अरबी समुद्राचा मोठा भाग घ्या. सीमेवर भरती-ओहोटीचे घटक, म्हणजे ती ज्या ठरावीक कालावधीच्या चढउतारांनी बनते ते, एफईएस किंवा टीपीएक्सओ या जागतिक मॉडेलांतून भरा, आणि दाबाने येणारी उंची सीमेवरही द्या. ती विसरली तर आत-बाहेर खोटा उतार तयार होतो.

मग वारा न घालता नुसती भरती-ओहोटी महिनाभर चालवा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि बहुतेकांचे मॉडेल इथेच चुकलेले असते. मुंबईच्या आणि जवळच्या बंदराच्या भरती-कोष्टकाशी ताडून पाहा: मुख्य चांद्र घटकाची, म्हणजे १२.४२ तासांच्या घटकाची, उंची ५ सेंटिमीटरच्या आत आणि वेळ १० मिनिटांच्या आत जुळली की पुढे जा. वेळ मागे पडत असेल तर खोली कमी धरली आहे किंवा घर्षण जास्त. मॅनिंगचा गुणांक, म्हणजे तळाच्या घर्षणाचा आकडा, समुद्रात ०.०२ ते ०.०२५, तिवरांत ०.१ ते ०.१५ यापासून सुरुवात करा. आकडा जुळवण्यासाठी समुद्रात ०.०४ लागत असेल तर दोष घर्षणाचा नाही, खोलीचा आहे.

एक चूक स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण ती दिसत नाही. वाऱ्याच्या फाइली जागतिक वेळेत असतात, भरतीची कोष्टके भारतीय वेळेत. फरक साडेपाच तास. भरतीपासून ओहोटीपर्यंतचा काळ सव्वासहा तास. म्हणजे ही एक चूक झाली की भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी येते. आलेख गुळगुळीत दिसतो, काही बिघडल्यासारखे वाटत नाही, आणि उत्तर नेमके उलटे निघते. सगळे जागतिक वेळेत ठेवा आणि भारतीय वेळ फक्त शेवटच्या तक्त्यात लिहा.

वारा भरण्याची रूढ पद्धत हॉलंड या शास्त्रज्ञाच्या १९८० च्या सूत्राची. केंद्राचे स्थान, केंद्रातला दाब, सर्वाधिक वारा आणि तो केंद्रापासून किती अंतरावर आहे ती त्रिज्या, एवढ्यावर दाबाचा आणि वाऱ्याचा नकाशा तयार होतो. पहिल्या तीन गोष्टी बुलेटिनमध्ये मिळतात. चौथी, म्हणजे त्रिज्या, बहुधा अनुमानाने घ्यावी लागते. २०, ३० आणि ४५ किलोमीटर अशी वेगवेगळी धरून पाहा, कारण फुगवट्याचा माथा वाटेच्या दक्षिणेला साधारण तेवढ्याच अंतरावर येतो. चारही दिशांना ३४ आणि ५० नॉटचा वारा कुठवर पसरला आहे हे बुलेटिन सांगते, त्याच्याशी सूत्राचा वारा पडताळा. केंद्रापासून दूर हे सूत्र कच्चे पडते, म्हणून दीड-दोनशे किलोमीटरपलीकडे जागतिक हवामान मॉडेलचा वारा घेऊन दोन्ही हळूहळू मिसळावेत. उलट, नुसता जागतिक मॉडेलचा वारा घेतला तर त्याच्या जाळीत वादळाचा गाभा पसरट होतो आणि पाणी कमी चढते.

वाऱ्याचा आकडा किती मिनिटांच्या सरासरीचा, हेही पाहा. भारतीय हवामान खाते ३ मिनिटांची सरासरी देते, अमेरिकी केंद्र १ मिनिटाची, आणि ताणाच्या सूत्राला हवी १० मिनिटांची. समुद्रावर १ मिनिटाच्या आकड्याला ०.९३ ने गुणले की १० मिनिटांचा मिळतो. ३ मिनिटांचा या दोहोंच्या मध्ये. क्षुल्लक वाटेल, पण ताण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि वेगाबरोबर घर्षणगुणांकही वाढतो. सेकंदाला ३० मीटरच्या आसपास वाऱ्यात १० टक्के चूक म्हणजे ताणात जवळपास ३० टक्के. हा गुणांक वाढतच जातो असेही नाही. सेकंदाला ३३ मीटरच्या पुढे समुद्राचा पृष्ठभाग फेसाने झाकला जातो आणि तो थांबतो. मॉडेलमध्ये त्याला वरची मर्यादा घातलेली आहे ना, ते तपासा. आणि नॉटचे सेकंदाला मीटरमध्ये रूपांतर ०.५१४ ने गुणून, ताशी किलोमीटरचे ३.६ ने भागून. या दोघांत गल्लत नेहमी होते.

वाऱ्याची दिशा कुणाच्या अंगावर येते हे समजून घ्या. आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. पूर्वेकडे सरकणाऱ्या वादळाच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे. म्हणून अलिबागच्या दक्षिणेला वादळ आले तेव्हा मुरुड-श्रीवर्धन माऱ्यात सापडले. वाट ५० किलोमीटरने उत्तरेला सरकली असती तर हा मारा मुंबई बंदराच्या तोंडावर आला असता. आणि २४ तास आधीच्या वाटेच्या अंदाजात सरासरी चूक याहून मोठी असते.

यावरूनच पुढची गोष्ट येते: एका वाटेवर एक गणना करून ‘पाणी १.४ मीटर चढेल’ असे सांगणे हा अंदाज नव्हे. अंदाजित वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा पाच वाटा घ्या. प्रत्येकीला येण्याच्या तीन वेळा: ठरलेली, सहा तास आधी, सहा तास नंतर. त्यावर दोन त्रिज्या आणि दोन तीव्रता. साठ गणना होतात. त्यासाठी बारीक जाळी परवडत नसेल तर जाळी थोडी जाड करा, पण गणना कमी करू नका. एका नेमक्या आकड्यापेक्षा साठांचा पसारा गावाला जास्त उपयोगी पडतो. तयारी कोणत्या पातळीसाठी करायची? साठांपैकी सहाच गणना जिच्या वर जातात, ती पातळी धरा. अमेरिकेचे हरिकेन केंद्रही १० टक्के शक्यतेचीच पातळी ‘संभाव्य वाईट स्थिती’ म्हणून वापरते.

भरती आणि वादळ एकाच गणनेत चालवा. वेगवेगळे काढून शेवटी बेरीज केली तर उथळ खाडीत उत्तर चुकते, कारण भरतीला खोली जास्त असल्याने वाऱ्याचा चढ कमी पडतो आणि ओहोटीला जास्त. पाऊस हा तिसरा भागीदार. कुंडलिका रेवदंड्याला मिळते. वरून पुराचे पाणी येत असताना मुखाशी पाणी फुगले तर निचरा अडतो आणि खाडीकाठची गावे वादळ पुढे गेल्यावर बुडतात. वरच्या टोकाला नदीचा प्रवाह भरायला जागा ठेवा.

उघड्या पुळणीवर फुटणाऱ्या लाटाही पाणी वर ढकलतात. फुटणाऱ्या लाटेच्या उंचीच्या साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे ४ मीटरच्या लाटेला ६० ते ८० सेंटिमीटर. खाडीच्या आत हा भाग फारसा पोचत नाही. लाटांचे मॉडेल जोडायला जमत नसेल तर पुळणीवरच्या गावांसाठी ही भर वेगळ्या रकान्यात लिहा, एकूण आकड्यात गपचूप मिसळू नका.

पडताळणीला आपल्याकडे घटना थोड्या आहेत: नोव्हेंबर २००९ चे फयान, निसर्ग, तौक्ते. १८८२ साली मुंबईत वादळाने लाखभर माणसे गेली अशी नोंद अनेक ठिकाणी छापलेली आहे, पण त्या काळच्या कागदपत्रांत तिला आधार सापडत नाही. ती घटना पडताळणीत वापरू नका. वादळानंतर पाण्याच्या खुणा मोजताना घराच्या आतल्या भिंतीवरची चिखलाची रेघ घ्या. बाहेरच्या भिंतीवरची खूण लाटेच्या उडालेल्या पाण्याची असू शकते. प्रत्येक खुणेची बेंचमार्कपासूनची उंची आणि लोकांनी सांगितलेली वेळ लिहून ठेवा.

शेवटचा तक्ता गावाला द्यायचा असेल तर त्यात ‘फुगवटा’ हा रकानाच नको. गावाचे नाव, बांधाची सर्वांत खालची जागा आणि तिची उंची, पाण्याची एकूण पातळी (मधली आणि तयारीसाठीची), आणि ती कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत राहील, एवढे पुरे. हा तक्ता बांध दुरुस्तीसाठी आणि आसरा कुठे घ्यायचा हे आधी ठरवण्यासाठी. वादळ समुद्रात असताना सूचना भारतीय हवामान खात्याची आणि इन्कॉइसचीच मानावी. स्वतःच्या गणनेचा नकाशा त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. दोन वेगवेगळे आकडे हाती आले की लोक घर सोडायचे थांबतात.

मॉडेलला हात लावण्याआधी एक काम आजच सुरू करता येईल. खाडीच्या धक्क्यावर सेंटिमीटरच्या खुणांची लाकडी पट्टी घट्ट बसवा, तिचा शून्य जवळच्या बेंचमार्कशी लेव्हल लावून जोडा, आणि अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस, भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी उंचीची, भरती धरून, दर १५ मिनिटांनी वाचन घ्या. रात्रीचे निदान भरतीच्या अलीकडचे-पलीकडचे दोन तास तरी. मुंबईच्या कोष्टकापेक्षा तुमच्या खाडीत भरती किती मिनिटे मागेपुढे आणि किती कमी-जास्त येते, ते त्यातून निघते.